उलटा टांगलेला चंद्र

खरं सांगून टाकते, रंजीताचा राग मले तिच्या पहिल्या दिवसापासून होता. तिनं माझं काही बिघडवलं नव्हतं. यायची, शिकवायची, घरी जायची. पण मधल्या सुट्टीत माझेच पोट्टे तिच्या मागं मागं फिरून राह्यले हे मी पाहिलं, आणि तेव्हापासून माझ्या पोटात दुखायले लागलं.

मी हर्षा खोब्रागडे. कुरखेड्याजवळच्या आमच्या शाळेत बावीस वर्षांपासून विज्ञान शिकवते. विज्ञान प्रदर्शन म्हटलं का माझी सूर्यमाला आली, हे ठरलेलंच. थर्मोकोलचे गोळे, सायकलच्या तारा, शनीले जुन्या सीडीचं कडं. नोकरीच्या पहिल्या वर्षी केली होती. प्लूटोले ग्रहांतून काढलं तेव्हा मी त्याचा गोळा उपटून टाकला, पण तार तशीच राहिली. पोट्टे विचारतात, बाई, हे काय आहे? मी म्हणते, अँटेना.

रंजीता कुमरे मागच्या वर्षी रुजू झाली. इथल्याच जंगलातल्या गावची, वय अठ्ठावीस. यंदा प्रदर्शनासाठी तिनं गोळेबिळे काही केले नाई. यानांनी पाठवलेले फोटो नागपूरहून मोठे छापून आणले. मंगळावरचं सुकलेल्या नदीचं पात्र. शनीचा एक लहानसा चंद्र, ज्याच्या बर्फाच्या भेगांतून पाण्याचे फवारे उडतात. त्या फवाऱ्यातून यान गेलं तर त्यात मीठ सापडलं म्हणे. बावीस वर्षं मी शनीले सीडी लावून राह्यली आणि हे मले माहीत नव्हतं. मधोमध आपल्या चंद्राचा एक फोटो, दाराएवढा, सगळा खड्ड्याखड्ड्यांचा. वर कागदाची पट्टी चिकटवलेली: ऊन या बाजूनं.

नुसता नंबर असता तर मी एवढं मनावर घेतलं नसतं. पण यंदा प्रदर्शन पाहून तालुक्यातून एका शिक्षकाले बंगलोरले पाठवणार होते, दहा दिवस. यानांचे फोटो वाचायचे कसे हे तिथी शिकवतात. माझं एम.एस्सी. लग्नापायी राहून गेलं होतं. मले एकदा तरी परत विद्यार्थी होऊन बाकावर बसायचं होतं. विमान नको, हॉटेल नको, बाक पाहिजे होता. आणि तो बाक ही कालची पोट्टी नेणार हे मले साफ दिसून राह्यलं होतं.

प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी तिनं तो चंद्र टेबलावर पसरला होता. मी टेबलाच्या पलीकडून पाहिलं तर खड्डे कुठी गेले कोण जाणे, सगळी वारूळं! मुंग्यांच्या वारुळांसारखे उंच उंच फुगवटे. अलीकडे आली, तर परत खड्डे. मी डोळे चोळले, पुन्हा फिरून पाहिलं. कोणाले बोलली मात्र नाई.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी रंजीता पोट्ट्यांले नाश्ता द्यायले गेली आणि हॉलमध्ये मी एकटीच राहिली. चंद्र दोरीले चिमट्यांनी लावला होता. मी चिमटे काढले, फोटो उलटा केला, चिमटे लावले. पट्टी सोलून कमरेले खोचली. अर्धं मिनिट लागलं नाई. लाज वाटली असं म्हणणार नाई. तेव्हा वाटली नाई.

साडेआठले परीक्षक आले, जिल्ह्याचे ठवरे सर, रिटायरमेंटले टेकलेले. माझ्या सूर्यमालेजवळ त्यांनी जांभई दिली. मग चंद्रासमोर उभे राहून सातवीच्या सुकरीले विचारलं का याच्यात काय दिसते. सुकरी म्हणाली, वारूळं. सरांच्या भुवया वर गेल्या. माझ्या जिवाले काय गारवा वाटला, सांगू नका.

रंजीतानं फोटोकडे पाहिलं. पट्टी होती तिथी पाहिलं. मग एका नजरेत सगळा हॉल पाहून घेतला आणि पोट्ट्यांले मैदानात नेलं. सरही मागं गेले, मीही गेली. कुंपणाजवळ एक वारूळ आहे, बाजूले झाड लावायसाठी खणलेला खड्डा. हिवाळ्यातलं तिरपं ऊन पडलं होतं. तिनं पोट्ट्यांले दोन्ही नीट पाहायले लावलं. वारुळाची उन्हाकडची बाजू उजेडात होती. खड्ड्याचं उलटं, उन्हाकडची कड अंधारात आणि समोरची भिंत उजेडात.

मग सगळ्यांले परत आत आणून ती म्हणाली, "या फोटोत ऊन खालून आलं आहे. आता सांगा."

आधी सुकरी वाकली, डोकं खाली घालून पायांच्या फटीतून फोटो पाहायले लागली. मग सगळे पोट्टे वाकले. ठवरे सरांनीही मान जमेल तेवढी वाकडी केली. खड्डे, सुकरी म्हणाली, सगळे खड्डेच आहेत. रंजीतानं समजावलं का आपल्या डोळ्यांले ऊन नेहमी वरून यायची सवय आहे. यान फोटो पाठवते, पण ऊन कोणत्या बाजूनं होतं हे पाहिलं नाई तर आपण खड्ड्याले टेकडी म्हणून मोकळे होऊ.

फोटो उलटा लावायची कल्पना कोणाची, सरांनी विचारलं.

"खोब्रागडे बाईंची," रंजीता म्हणाली.

सर म्हणाले, वा बाई, असाच शिक्षक बंगलोरले पाहिजे, आणि कागदावर माझं नाव लिहिलं. पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मान हलवली. हो, हलवली.

सगळे जेवायले गेल्यावर मी तिले गाठलं. तुले कसं कळलं, विचारलं. तिनं माझ्या कमरेकडे बोट केलं. पट्टीचं टोक बाहेर आलं होतं: ऊन या.

"पोट्ट्यांसमोर तुमची इज्जत काऊन घालवू, बाई?" ती म्हणाली. "जाऊन या तुम्ही. तुमाले जायचं होतं ना."

भांडली असती तर मी दोन शब्द ऐकून घेतले असते, दोन ऐकवले असते. पण ही माझ्यावर दया करून राह्यली! अंगाचा असा तिळपापड झाला का मी तशीच धावत गेटपर्यंत गेली. सर जीपमध्ये बसून राह्यले होते.

"सर, माझं नाव खोडा," मी म्हटलं. "तो फोटो मी शिकवायसाठी उलटा केला नव्हता. तिच्यावर जळून केला होता."

सरांनी खिशातून कागद काढला. मग पेन काढला.

घरी आमचे अश्वजित म्हणाले, हर्षा, मन मोठं केलं तू. कायचं मोठं? बंगलोरच्या बाकावर दहा दिवस तिची मेहरबानी टोचत राहिली असती, म्हणून सोडला. ती तिथी शिकून राह्यली आहे आणि मी इथी अजून जळते. रोज संध्याकाळी ती यानानं काढलेला एखादा फोटो फोनवर पाठवते. मी पाहून सोडून देते, उत्तर देत नाई.

काल एक आला. कोणत्या चंद्राचा ते लिहिलं नव्हतं, पट्टीही नव्हती. खाली एवढंच: बाई, खड्डा का टेकडी?

मी फोन बाजूले ठेवला. पाच मिनिटांनी उचलला. सरळ पाहिलं, उलटा करून पाहिलं. मग लिहिलं, ऊन कोणत्या बाजूनं आहे ते सांग आधी.