रंगखात्याचा खोकला

कारखान्याच्या रंगखात्यात वाफ ओढून घेणारे पंखे बसवायचे की नाही, हे माझ्या पाहणीवर ठरणार होतं. रंगखात्यातले साठ जण आणि ऑफिसातले साठ, प्रश्न एकच: खोकला आहे की नाही? ऑफिसात चौदा जणांनी 'आहे'वर खूण केली, रंगखात्यात फक्त दोघांनी.

माझी आत्या रंगखात्यातच आहे. घरी भाजी चिरताना तिला उबळ आली.

"आत्या, तू कशावर खूण केलीस?"

"'नाही'वर. खोकणारीला कामावर ठेवतील का? शहाणीच आहेस!"

"मग पंखे कसे मिळणार?"

"आधी पोटाचं बघू दे, मग हवा खाऊ."

रंगखात्याची उत्तरं भीतीपोटी दिलेली असावीत, असं मी अहवालात स्पष्ट लिहिलं. साहेबांनी आकडे तेवढे वाचले आणि पंखे ऑफिसात बसवले.