हाकेच्या अंतरावर

"लांब नाही देणार लेक, देईन हाकेवर,
हाक येता लेकीची, मी उभी नाक्यावर."

तांदूळ निवडता निवडता कमळाबाई गायची आणि लहानगी अपूर्वा तिच्या मांडीला रेलून खडे वेचायची. आईनं शब्द पाळला. काळाचौकीची लेक तिनं शिवडीत दिली.

त्याच शिवडीत, भर दुपारी, नवऱ्यानं, सिद्धांतनं, अपूर्वाचे केस मनगटाला गुंडाळले आणि तिचं कपाळ ओट्याच्या कडेवर आपटलं. आईचा फोन उचलला, एवढंच निमित्त. ती कोसळल्यावर त्यानं बरगडीत लाथ घातली.

"जा ना माहेरी! शोध रस्ता. त्याचाच पगार घेतेस ना?"

दार आपटून तो सिगारेट आणायला खाली गेला.

खरंच, तिचं कामच ते. रुग्णवाहिकांसाठी जवळची वाट शोधण्याचं. डेटाबेसात नाके म्हणजे बिंदू, गल्ल्या म्हणजे रेघा. कुठून कुठे जायचं अशी क्वेरी टाकली की सगळ्यात कमी अंतराची वाट उलगडायची. डोळ्यात ओघळलेलं रक्त पदरानं पुसत तिनं लॅपटॉप ओढला. इथून काळाचौकी. मग एकेक रेघ बंद करत गेली. या नाक्यावर त्याचे दोस्त कॅरम खेळतात. त्या गल्लीत त्याच्या भावाचं गोदाम. पुलावरून तर मागच्या वेळी त्यानं तिला फरफटत आणलेलं.

उत्तर रिकामं आलं. माहेर हाकेवर, आणि वाट एकही नाही.

तिनं क्वेरीतून माहेर पुसून टाकलं. नुसतंच विचारलं, सगळ्यात जवळ कोण? चाचणीसाठी इमारतीतली दारं तिनंच कधीतरी नोंदवली होती.

समोरच्या नलूमावशी. अंतर शून्य.

एका इमारतीतली सगळी दारं यंत्र एकाच बिंदूला टेकवतं. ही खोड तिला ठाऊक होती, साहेबाला तिनंच दाखवलेली. आज मात्र तिला हसू फुटलं, आणि मागच्या वेळी फाटलेला ओठ पुन्हा उलला.

जिन्यात चपला वाजल्या. ती भिंत धरत उठली, समोरचं दार बडवू लागली. साखळीएवढी फट उघडली.

"अगो बाय माझे! परत मोरीत घसरलीस?"

हे मोरीचं अपूर्वानंच सांगून ठेवलेलं, दर वेळी.

"हो ना मावशी, धांदरट आहे नुसती," मागून सिद्धांत हसत म्हणाला. त्याची बोटं तिच्या मानेत रुतली. "चल गं घरात."

अपूर्वानं दाराची साखळी मुठीत आवळली.

"घसरले नाही, मावशी. कधीच घसरले नव्हते. हा मारतो मला."