बोटीची चाकं

नम्रता दुधाचं पातेलं घेऊन पडवीत आली, तेव्हा आबा गिरमिटाने चाकाच्या तुंब्याला भोकं पाडत होते. सुपारीएवढा तुंबा, आणि त्यात आरे बसवायची बारीक भोकं. पायाशी भुसा साचला होता. समोरच्या पाटावर ती बोट होती, हातभर लांब, सागाची, डोलकाठ्यांवाचून बोडकी.

ती पातेलं धरून तशीच उभी राहिली. बोटीला चाकं दोनच. ती दोन्ही झाली होती. गेल्या गुरुवारी तिने स्वतः पाहिली होती, खिडकीच्या कट्ट्यावर फडक्याखाली वाळत ठेवलेली.

"आबा, चाकं झाली होती ना?"

सासऱ्यांनी मान वर केली नाही. "झाली व्हती?"

"मी पाहिली. गुरुवारी. खिडकीत होती."

"मंग असतील," आबा म्हणाले आणि भोकात फुंकर मारली.

खिडकीत काही नव्हतं. नम्रताने फडकं उचलून पाहिलं, खाली वाकून पाहिलं. मग तिचं लक्ष स्वतःच्या हाताकडे गेलं. पातेलं नुकतंच चुलीवरून उतरवलेलं होतं आणि तिने ते फडक्याशिवाय धरलं होतं. बोटं लाल झाली होती. तिने पातेलं खाली ठेवलं, बोटं पदराला पुसली. दुखायला हवं होतं. हल्ली तिला सगळंच असं उशिरा कळायचं, आणि कळलं तरी दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं.

आबांनी, म्हणजे काळूरामांनी, सारा जन्म बैलगाडीची चाकं केली. म्हशाच्या जत्रेला बैल घेणारा माणूस परत जाताना त्यांच्याकडे चाकाचं सांगून जायचा. आता गाड्या राहिल्या नाहीत. आबा वीतभर लांबीच्या खेळण्यातल्या गाड्या करून जत्रेत मांडून बसत. यंदा तिथेच टोकावड्याच्या रस्त्यावरच्या फार्महाऊसवाल्या साहेबांनी त्यातली एक गाडी उचलून उलटीसुलटी पाहिली होती आणि विचारलं होतं, बोट कराल का? साहेब बोटीवर इंजिनियर होते, आता रिटायर. त्यांना हवी होती कंपनी सरकारच्या आरमारातली वाफेची लढाऊ बोट. मुंबईच्या गोदीत सागात बांधलेली, मधोमध धुराडं, दोन्ही कुशींना तोफा आणि दोन्ही कुशींना चाकं. त्यांनी झेरॉक्सचे तीन कागद पाठवले. सगळं इंग्रजीत, कोपऱ्यात बारीकसं चित्र.

"मुंबयच्या गोदीत सागवान उगवत व्हता काय?" आबा त्या दिवशी म्हणाले होते. "हितनंच गेला आसंल. आमच्याच बापजाद्यांनी तोडून दिला आसंल."

कागद वाचून दाखवायचं काम नम्रताकडे आलं. ती मुरबाडला एका शाळेच्या ऑफिसात होती. सकाळी मुरबाडला जाणारी धाऊची जीप नाक्यावर येईपर्यंतची दहा मिनिटं ती आबांना देई. एक-एक ओळ वाचायची, मराठीत सांगायची. आबा कोळशाने फळकुटावर खुणा करत. पहिलं पान झालं. दुसरं पान अर्धं झालं. "व्हील्स. चाकं दोन, आबा. साडेचार इंच," असं ती म्हणाली आणि जीपचा हॉर्न वाजला. कागद दगडाखाली ठेवून ती धावली होती. मग रोज काही ना काही निघत गेलं. आबांनीही पुन्हा वाच असं म्हटलं नाही.

आता तिला जीपमध्ये बसल्याबसल्या एकच दिसत होतं. आरती चार वर्षांची. अंगणवाडीतून दुपारी एकला घरी येते, आणि नम्रता येते सहाला. मधले पाच तास आरती आबांकडे. घरात चूल, मागे विहीर, पडवीत पटाशी, वाकस, करवत, सगळी धारेची हत्यारं.

मोबाइलमध्ये ती मागचंही आठवून टिपून ठेवू लागली. सोमवारी, दूध उतू गेलं. मंगळवारी, कुलूप लावलं पण किल्ली दारालाच. बुधवारी, चाकं पुन्हा करायला घेतली. शाळेतल्या बाईंनी तिला एक व्हिडिओ पाठवला होता, म्हातारपणी विसर कसा सुरू होतो त्याचा. तिने तो तीनदा पाहिला. आवाज बंद करून.

शुक्रवारी तिने अर्धी रजा टाकली आणि न सांगता घरी आली. कुंपणाशी थांबून तिने आधी पाहिलं. वाडीवरची भिमी चुलीसाठी ढलप्या गोळा करत पडवीत बसली होती.

"काळूदा, बोट चालवनार कुठं? तानशाच्या तलावावर?"

"तानशाचं पानी मुंबयला जातं," आबा म्हणाले. "बोटबी नळातनं मुंबयला जायाची."

"मंग बरं हाय की. फुकट पोचल. मलाबी बसव."

"तुला बसवली तर बुडल."

भिमी हसली, ढलप्यांचं ओझं डोक्यावर घेऊन निघाली. तेवढ्यात आबांना कुंपणाशी नम्रता दिसली. ते घरामागच्या बाजूला वळून म्हणाले, "ठमे, आय आली." आरतीला ते ठमीच म्हणत. मागे काहीतरी खडखडलं आणि थांबलं. आरती धावत पुढे आली, दोन्ही हात पाठीमागे.

"काय करत होतीस मागे?"

"काय नाय," आरती म्हणाली आणि आबांकडे पाहिलं.

हात रिकामेच होते.

"आबा, जेवलात का?"

आबांनी नातीकडे पाहिलं. "जेवलो का गो ठमे?"

आरती खुदकन हसली. नम्रताने आत जाऊन पाहिलं. ताटं धुऊन पालथी घातलेली होती. तरी तिने मोबाइल काढला आणि लिहिलं, शुक्रवार, जेवल्याचं आठवत नाही.

संध्याकाळी तिने नवऱ्याला, संदेशला फोन लावला. तो भिवंडीला गोडाऊनवर होता, मागे ट्रकचा आवाज.

"वय झालंय त्यांचं," तो म्हणाला. "सत्तरीला आले."

"पाच तास आरती त्यांच्याकडे असते."

"मग काय करू म्हणतेस?"

"तुम्हीच सांगा."

मग संदेश म्हणाला, "आदेशदादाला बोलतो. शहापूरला त्यांचा फ्लॅट आहे, वहिनी घरीच असते. आरतीला दुपारचं तू कुठे ठेवशील?"

"बघते."

"आणि बोट?"

"करेल दुसरं कुणी," नम्रता म्हणाली. तिचा आवाज तिलाच शाळेतल्या खिडकीतून फॉर्म परत देताना येतो तसा वाटला.

रविवारी दहाला आदेश भाऊजी व्हॅन घेऊन आले. आबांना सांगितलं होतं, चार दिवस राहून या, हवापालट होईल. आबा एकदाच म्हणाले होते, "शहापुरात कसली गो हवा?" मग त्यांनी धोतर बदललं, कापडी पिशवीत दोन सदरे घातले आणि त्यांच्या मधोमध पटाशी गुंडाळून ठेवली. नम्रताने ते पाहिलं. पाटावर बोट फडक्याने अर्धी झाकलेली होती. दोन्ही कुशींना चाकं बसली होती. डोलकाठ्या नव्हत्या, तोफा नव्हत्या.

"आबा, चला, बसा," भाऊजी म्हणाले. "शहापूर नाक्याला ट्रॅफिक लागेल."

आबा पुढच्या सीटवर बसले, पिशवी मांडीवर घेऊन.

"ठमी कुठाय?" ते म्हणाले.

नम्रता तिला बोलवायला घरामागे गेली. पेंढ्याच्या उडवीमागे आरती उकिडवी बसली होती. तिच्या हातात दोरी होती आणि दोरीच्या टोकाला गाडी. बिस्किटाचा पत्र्याचा डबा आडवा, त्याच्यावर भाताच्या मूठभर लोंब्या, आणि खाली दोन चाकं.

आरती दचकली. गाडी ओढून तिने मांडीखाली घेतली.

"दाखव."

"आबांनी सांगितलंय, आईला दाखवायची नाय. पत्रा हाय म्हणून ती वरडल."

नम्रता खाली बसली. तिने गाडी हातात घेतली. चाक मोजलं. बारा आरे, सहा पाट्यांचा लाकडी घेर, वरून लोखंडी पट्टीची धाव चढवलेली. मोठ्या गाडीचं चाक असतं तसंच, फक्त साडेचार इंचांचं.

"ही कधी दिली आबांनी?"

"चाकं वाळली तवाच. आबा म्हणले, ही बोटीची नाय झाली, ही आपली गाडीचीच झाली. बोटीच्या चाकाला फळ्या असतात. पाणी मारायला." आरतीने हाताने पाणी मारून दाखवलं. "आबांनी भिंग लावून चित्र बघितलं."

नम्रताने धावेच्या कडेवर अंगठा ठेवला. पट्टीची धार तिला माहीत होती. शाळेतल्या कपाटाच्या तसल्याच पट्टीने तिचं बोट एकदा कापलं होतं. तिने अंगठा दाबला आणि चाक हळूहळू फिरवलं, पूर्ण एक फेरा. कड कानशीने घासलेली होती. आतून, बाहेरून, जोडापाशीसुद्धा. कुठेच लागलं नाही. तिने दुसरं चाक फिरवलं. तेही तसंच.

पुढून हॉर्न वाजला.

ती गाडी हातात घेऊन पुढे आली. आरती तिच्या मागे, पदर धरून. आबांनी व्हॅनच्या काचेतून आधी गाडी पाहिली, मग नातीचं तोंड.

"बोललीस का तिला?"

"नाही."

"पोरीला बोलू नको. चूक माजी हाय. चाक म्हनलं की हात आपल्या मनानं बाराच आरे घालतो."

चूक कुणाची ते नम्रताला ठाऊक होतं. हॉर्न, दगडाखालचा कागद, जीपकडे धावलेले तिचे पाय. तिने गाडी पडवीच्या कट्ट्यावर ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी.

"मला सांगितलं का नाही, आबा? मी विचारलं होतं."

आबा काचेबाहेर बघत राहिले. "तू घाईत व्हतीस."

"नम्रता, निघू का?" भाऊजींनी इंजिन सुरू केलं होतं.

नम्रता पडवीत गेली. बोटीशेजारचा दगड उचलला. खालचे तिन्ही कागद भुशाने माखलेले होते. तिने दुसरं पान काढलं, झटकलं आणि व्हॅनच्या दाराशी येऊन उभी राहिली. मग व्हॅनच्या पायरीवर बसली.

"हे अर्धं पान राहिलं होतं," ती म्हणाली.

"आत्ता?" भाऊजी म्हणाले. "नम्रता, काय चाललंय?"

ओळीवर नख ठेवून ती वाचू लागली, त्या दिवशी थांबली होती तिथून. चाकाच्या कडेला फळ्या. प्रत्येक चाकाला दहा. आरे सांगितलेलेच नाहीत, फक्त चित्रात आहेत. पुढे डोलकाठ्या, तीन. मधली सर्वांत उंच, अकरा इंच.

"किती?" आबांनी विचारलं.

"अकरा."

"आनि पुढची?"

"साडेनऊ."

आबांनी बोटांनी हवेत माप धरलं. मान हलवली. भाऊजींनी इंजिन बंद केलं, तेव्हा आवाज थांबल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

"तोफांचं वाच," आबा म्हणाले, आणि मांडीवरची पिशवी पायाशी ठेवली.