जिऱ्याची शिक्षा

ऑफिसच्या कामासाठी जर्मनीला जाताना आमच्या तनयाने तिच्या चिवावा ह्या इवल्याशा जातीच्या कुत्रीची दूध तुटलेली तीन पिल्लं वारज्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये आणून सोडली. "आई, पिल्लांना थोडं थोडं, पण दिवसातून चार वेळा भरव. एकही वेळ चुकवू नकोस," असं तिने मला बजावलं. मलाच, बाबांना नाही. तिला तिचे बाबा चांगले माहीत आहेत.

बाबा म्हणजे आमचे हे, तात्याराव. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात सारी नोकरी झाली. आता निवृत्त आहेत, पण शिस्त काही निवृत्त झाली नाही. पिल्लं त्यांना आवडली होती, हे कबूल करायला हवं. लवंग, वेलदोडा आणि जिरं ही नावं त्यांनीच ठेवली. जिरं सगळ्यात लहान, माझ्या एका ओंजळीत सहज मावेल एवढं. मग ह्यांनी पिल्लांना वळण लावायचं मनावर घेतलं. बाथरूमपाशी कालचा पेपर पसरायचा, शी-शू त्यावरच करायची. इकडेतिकडे केली की त्या वेळचं जेवण बंद.

"अहो, एवढीशी पोटं त्यांची," मी म्हणाले.

"पोटाला कळलं की डोक्याला कळतं. तनया काय बिघडली?"

तनया लहान असतानाही हाच कायदा होता. पाढा चुकला की ताट मागे. ह्यांचं स्वतःचं जेवण मात्र घड्याळावर, कारण ह्यांना मधुमेह आहे आणि इन्सुलिन चालू आहे. ह्यांनी आमच्यावर कधी हात उगारला नाही, पण तो ठरावीक थंड आवाज लागला की मी ह्यांच्या वाटेतून बाजूला होते. मला ह्यांची भीती वाटते, अजूनही वाटते. म्हणून शिक्षा झालेल्या पिल्लाला मी स्वयंपाकघरात गुपचूप भात भरवायचे आणि एक कान दाराकडे ठेवायचे.

त्या रविवारी हे आजचा पेपर खुर्चीशेजारी फरशीवर ठेवून चहा घ्यायला उठले. जिरं तुरुतुरु आलं, पेपरच्या बरोबर मधोमध बसलं आणि मोकळं झालं. वर शाबासकीसाठी शेपूट हलवत उभं राहिलं. त्याचं काय चुकलं? पेपरवर करायचं एवढंच त्याला शिकवलं होतं. कालचा कोणता आणि आजचा कोणता, हे त्याला कोण सांगणार?

"ह्याचं सकाळचं बंद," हे त्या आवाजात म्हणाले. जिऱ्याला बाल्कनीत टाकून त्यांनी दाराला कडी घातली आणि खुर्ची दाराशीच ओढून बसले.

दुपारी बाकीची पिल्लं खायला लागली तेव्हा जिरं दाराआड रडत होतं. "अजून मस्ती आहे. दुपारचंही बंद," हे म्हणाले. मी हातात वाटी घेऊन नुसती उभी राहिले.

थोड्या वेळाने रडणं थांबलं.

"बघ, लागलं वळण."

मला ती शांतता सोसवेना. मी ह्यांच्या खांद्यावरून हात घातला आणि कडी काढली.

जिरं तुळशीच्या कुंडीजवळ आडवं पडलं होतं. डोळे अर्धवट उघडे, पाय थरथरत होते. उचललं तर मान लोंबली. कान गार. हे थरथरणं माझ्या ओळखीचं होतं. मागे एकदा हे इन्सुलिन घेऊन न जेवताच निघाले होते, तेव्हा स्वारगेटच्या स्टॉपवर असेच थरथरत माझ्या अंगावर कोसळले होते.

"अहो, साखर उतरलीय ह्याची! मध आणा!" मी ओरडले. उभ्या जन्मात पहिल्यांदा ह्यांच्यावर ओरडले.

ह्यांनी धावत मधाची बाटली आणली, पण झाकण काही उघडेना. मीच ते उघडलं, बोटावर मध घेतला आणि जिऱ्याच्या हिरड्यांना चोळायला लागले. ते माझ्या हातात मरतंय, एवढंच मला कळत होतं. ह्यांनी फोन लावला तेव्हा जनावरांच्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "चोळत राहा, ऊब द्या, तोंडात पाणी ओतू नका. किती वेळ उपाशी आहे?"

"काल रात्रीपासून," हे म्हणाले.

"चिवावाचं पिल्लू? उपाशी ठेवलंत? छान." त्यांनी ताबडतोब दवाखान्यात यायला सांगितलं.

मी त्याला पदरात गुंडाळलं. रिक्षात बसल्यावर कुठे ती इवलीशी जीभ माझ्या बोटावर हलली, आणि मी रडायला लागले. हे बाहेर बघत होते.

जिरं वाचलं. "आता एकही वेळ चुकली तर माझ्याकडे आणायचीही गरज पडणार नाही," असं बाईंनी बजावून घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांची पावलं वाजली आणि जिऱ्याने भीतीने फरशीवरच शू केली. मी वाटी ठेवली. लवंग आणि वेलदोडा धावले. जिऱ्याने वाटीकडे पाहिलं, आपल्या ओल्या जागेकडे पाहिलं आणि वळून आपणहून बाल्कनीच्या दाराशी जाऊन बसलं.

हे दुखऱ्या गुडघ्यांनी खाली बसले आणि भाताचं बोट त्याच्यापुढे धरलं. "खा रे. तुझं काही चुकलं नाही. खा ना." जिऱ्याने तोंड फिरवलं. ते भिंतीला चिकटून थरथरत होतं. भुकेने की ह्यांच्या भीतीने, ते सांगता येईना.

"शैला, हे खात नाहीये," हे म्हणाले. "तनयासुद्धा..."

"हो. तीही स्वतःचं ताट स्वतःच मागे सारायची."

"मग तिला कसं भरवायचीस?"

"तुम्ही बाहेर गेलात की."

हे भिंतीला धरून उठले, चपला घातल्या आणि बाहेर पडून दार ओढून घेतलं. जिन्यावरून पावलं उतरत गेली. ती ऐकू येईनाशी होईपर्यंत जिरं दाराकडे बघत राहिलं. मग माझ्या बोटावरचा भात खायला लागलं.