इथे बाटली ओतली जाणार नाही

मुलीने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाच्या झाकणावर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटून घेतले. एक जागा ऐकली, टोक जरा सरकवलं, दुसरी ऐकली. बाजूला मोठ्या बाई पर्स पोटाशी धरून उभ्या होत्या. आणि गॅरेजचा मालक, ज्याला अख्खी गल्ली मिस्त्री म्हणायची, तो पाने पुसायचं निमित्त करून सगळं तिरक्या नजरेने बघत होता.

"एकच आहे," मुलगी डोळे उघडत म्हणाली. "झडप उघडणारा एकच टॅपेट अडकलाय. बाकी सगळे ठणठणीत आहेत."

"एक काय नि चार काय," मिस्त्री म्हणाला. "मी कालच सांगितलंय बाईंना. इंजिन खोलावं लागेल. त्याशिवाय ही टिकटिक जायची नाही."

"इंजिन खोललं की माझी गाडी गेलीच म्हणून समज," मोठ्या बाई म्हणाल्या. "भाचा टपून बसलाय. या वयात कशाला चालवतेस मावशी, म्हणतो. मोठं काम निघालं असं कळलं की आधी भंगारवाल्याला फोन करील. मग मी बसते खिडकीत, येणारे-जाणारे बघत."

बाई शाळेतून निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण 'मोठ्या बाई' हे नाव काही सुटलं नव्हतं. मिस्त्रीला त्यांनी पाढे शिकवले होते, त्याच्या मुलीलाही. गाडी त्यांनी नवी घेतली तेव्हापासून तिला मिस्त्रीखेरीज कुणाचा हात लागलेला नव्हता. गाडी म्हातारी झाली, बाईही झाल्या, तरी दोघी बाजारात, वाचनालयात, मैत्रिणीकडे आपल्या आपण जाऊन येत होत्या. ते थांबलं असतं तर बाईंचं काय झालं असतं हे मिस्त्रीला कळत नव्हतं असं नाही. पण बोललेला शब्द मागे घेईल तर तो मिस्त्री कसला!

"बाबा," मुलगी हळूच म्हणाली, "याला बाटली चालेल."

मिस्त्रीच्या हातातला पाना जागच्या जागी थांबला.

त्याला कारण होतं. गॅरेजच्या दारावर मिस्त्रीने स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती: 'इथे इंजिनात बाटली ओतली जाणार नाही.' बाजारात इंजिन साफ करायच्या औषधाच्या ज्या बाटल्या मिळतात, त्यांच्याबद्दल ही पाटी. एकदा एक झिंगलेला गृहस्थ ती वाचून खिशातली बाटली सावरत "माफ करा हं" म्हणत निघून गेला होता, ती गोष्ट वेगळी. पाटीखाली खिळ्याला इंजिनातलं तेल गाळणारी एक जाळी टांगलेली होती, काळ्या डांबरासारख्या गाळाने गच्च बुजलेली. जुन्या गाडीत कुणीतरी बाटली ओतली, आतला वर्षानुवर्षांचा गाळ ढेकळं होऊन सुटला, जाळीत जाऊन बसला आणि तेल न मिळाल्याने इंजिन भर रस्त्यात जाम झालं. बाटलीचं नाव काढणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मिस्त्री ती जाळी दाखवायचा. बिचारं गिऱ्हाईक कानाला खडा लावूनच घरी जायचं.

"काय म्हणालीस?" मिस्त्रीने विचारलं.

"आधी बघा तरी."

तिने इंजिन बंद करून वरचं झाकण उतरवलं. आतल्या लोखंडावर चहाच्या डागासारखा तांबूस थर होता. गाळ म्हणाल तर नावाला नाही.

"ती जाळी कुणाच्या गाडीची होती, बाबा? ज्याने जन्मात तेल बदललं नाही, त्याची. त्याच्या इंजिनात बाटली म्हणजे विषच. पण ही गाडी तुमच्या हातची आहे. डोळ्यांत तेल घालून हिचं तेल बदललंत तुम्ही. बाई जवळजवळच फिरतात, इंजिन पुरतं तापत नाही, म्हणून एवढा डाग धरला नि एक टॅपेट अडकला. नव्या तेलात सौम्य औषध, तेही अर्धंच घालायचं. आठवडाभर सावकाश फिरवायची आणि मग तेल काढून टाकायचं. सुटेल तो."

आता आली का पंचाईत! पोरगी एका दमात स्तुती करत होती नि त्याच दमात खोटंही पाडत होती. मिस्त्रीला रागवावं की मिशीत हसावं ते कळेना. त्याने सोपं होतं ते केलं.

"माझ्या गॅरेजात नाही," तो म्हणाला.

"ठीक आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "मग मी गाडी रस्त्यावर उभी करते. रस्ता तुझ्या मालकीचा आहे का रे? शाळेत होतास तसाच हट्टी राहिलास."

झाकण पुन्हा बसवून गाडी खरोखरच दाराबाहेर गेली. उंबऱ्यापासून हातभर अंतरावर मुलीने बॉनेट उघडलं आणि गल्लीला फुकटचा तमाशा मिळाला. समोरचा पार्टवाला दुकान सोडून बाहेर आला. "काय मिस्त्री, वाटणी झाली वाटतं?" त्याने विचारलं. मिस्त्री पुन्हा पाने पुसायला लागला.

बाईंच्या जागी कुणी नवं गिऱ्हाईक असतं तर त्याने विचारलं असतं, ही कोण? आणि मिस्त्रीने नेहमीचं उत्तर दिलं असतं, "मुलगी आहे माझी. मदतीला असते." मदतीला! अर्ध्याअधिक गाड्या तीच खोलायची नि जोडायची. पण मिस्त्री हा शब्द त्या गॅरेजात एकालाच लागू होता. मुलगी दर वेळी ते उत्तर ऐकायची आणि हातातला बोल्ट गरजेपेक्षा थोडा जास्त आवळायची. हे मिस्त्रीने पाहिलं होतं. पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं.

बाहेर मुलीने जुनं तेल काढलं, नवं घातलं आणि पार्टवाल्याकडून आणलेली बाटली हातात घेतली. आतली एकही वस्तू न्यायची नाही असं तिनेही मनाशी ठरवलं असावं. कारण तिने एक जाड कागद गुंडाळून त्याचंच नरसाळं केलं होतं. आता हे मात्र मिस्त्रीला बघवेना. कागदाचं नरसाळं! त्याच्या हाताखाली शिकलेल्या माणसाने, भर रस्त्यात, लोकांसमोर! तो तरातरा आत गेला, फळीवरचं आपलं पितळी नरसाळं काढलं, ज्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपत नसे, ते फडक्याने पुसलं आणि उंबऱ्याबाहेर जाऊन तिच्यापुढे धरलं.

"सांडशील," एवढंच म्हणाला आणि परत फिरला.

तिने अर्धी बाटली मोजून ओतली, बूच लावलं आणि बाईंना बजावलं. "पळवायची नाही. चढावावर दामटायची नाही. आणि उभी केलीत तिथे खाली तेलाचा थेंब दिसला तर घाबरायचं नाही, मला सांगायचं."

"बरं बाई," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांना कुणी असं बजावायची बहुधा ही पहिलीच वेळ होती आणि त्या खुशीत होत्या.

तो आठवडा मिस्त्रीला जड गेला. कुठे हॉर्न वाजला की तो दाराकडे बघायचा. बाईंची गाडी रस्त्यात बंद पडली, भाच्याने ती ओढून नेली, असं काहीबाही त्याच्या डोक्यात यायचं. खोटं कशाला बोला, गाडीपेक्षा त्याला धास्ती पोरीची होती. दुसरी जाळी टांगायला शेजारी आणखी एक खिळा मोकळा होता. पण त्या जाळीखाली आपल्या मुलीचं नाव लागलेलं त्याला सोसलं नसतं.

आठवडा भरला आणि गाडी आली. बाई उतरल्या, पण मिस्त्रीने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तो आधी वाकला. गाडीखाली, पुढच्या बाजूला, जमिनीवर एक काळा थेंब होता. त्याने बोट लावलं, वास घेतला आणि ते बोट मुलीसमोर धरलं.

"बघ. मी काय म्हणत होतो? बाटलीने सील घालवलं."

मुलीने शांतपणे ड्रॉवर उघडून तेल अडवणारं एक नवं ऑइल सील काढलं आणि त्याच्या हातावर ठेवलं.

"घालवलंच," ती म्हणाली. "पुलीमागचं. रबर कडक झालं होतं, मळाच्या आधाराने टिकून होतं. मळ सुटला, ते गळायला लागलं. गळेल असं वाटलंच होतं, म्हणून त्याच दिवशी आणून ठेवलं. नुकसान झालं बाबा, नाही म्हणत नाही. पण एका सीलचं झालं. इंजिन खोलावं लागलं नाही." तिने बॉनेट उघडून इंजिन चालू केलं आणि स्क्रूड्रायव्हर पुढे केला. "आता ऐका."

मिस्त्रीने टोक झाकणावर टेकवलं, मूठ कानामागे धरली. टोक सरकवत सरकवत सगळ्या जागा ऐकल्या, मग पहिल्यापासून पुन्हा ऐकल्या. टिकटिक नव्हती. नव्या गाडीचं चालावं तसं इंजिन एका लयीत चाललं होतं. त्याने डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर सगळ्यांना दिसलं असतं. मग पाठ फिरवून त्याने चष्मा काढला.

"चष्मा का पुसतोयस रे?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"धूळ फार आहे," मिस्त्री म्हणाला. "गाडी आत घ्या. तेल काढून टाकायचंय, सील बदलायचंय. आत घ्या म्हणतो ना!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन स्टुलावर चढला. पार्टवाला लगेच हजर झाला. "पुसा आता पाटी, मिस्त्री. हरलात!"

"पुसायची कशाला? खोटी आहे का ती?" मिस्त्री ब्रश बुडवत म्हणाला. त्याने पाटीच्या खालच्या रिकाम्या जागेत सावकाश, कोरून काढल्यासारखे दोनच शब्द लिहिले: 'मिस्त्रीला विचारल्याशिवाय.' खाली उतरून एक डोळा मिटून बघितलं. जाळी मात्र होती तिथेच राहू दिली.

मुलीने गाडीखाली जाता जाता पाटी वाचली. "म्हणजे तुम्हालाच ना विचारायचं," ती म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता खाली सरकली. मिस्त्री रंगाचा डबा बंद करत राहिला.

दुपारी एक गृहस्थ जुनी गाडी घेऊन आले. हातात बाटली होती. त्यांनी पाटी वाचली, जाळी बघितली, पुन्हा पाटी वाचली.

"हे आत घातलं तर चालेल का विचारायचं होतं," ते म्हणाले. "मिस्त्री तुम्हीच ना?"

मिस्त्रीने फडक्याला हात पुसले. गाडीखालून एक पाय बाहेर आलेला होता, बुटाला ग्रीस लागलेलं.

"मिस्त्री गाडीखाली आहे," तो खणखणीत आवाजात म्हणाला. पार्टवाल्याच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं असेल. "मी तिचा बाप."

गाडीखालचा पान्याचा आवाज थांबला.

"बसा," मिस्त्रीने स्टूल पुढे सरकवलं. "जरा वेळ लागेल. घाईत सांगत नाही ती."