जुनं कपाट, नवा ब्रेकर

यंत्रावर जीव लावणं म्हणजे काय, ते निपाणीजवळच्या त्या सूतगिरणीतल्या रायाप्पाला बघून कळावं. गिरणीची सगळी वीज ज्या मोठ्या लोखंडी कपाटातून जाते, त्या पॅनेलवर गडी मिसरूड फुटल्यापासून कामाला. त्याची बायको कांता म्हणायची, "माझ्याकडं एवढं बघितला असता तर मी राणी झाले असते की!"

म्हणून मालक कुमारअण्णा जेव्हा म्हणाले, "लई जुनं झालंय, भंगारात घालू आणि नवीन आणू," तेव्हा रायाप्पाला अन्न गोड लागेना. आणि बेळगावहून रचना नावाची इंजिनियर येऊन "टाकायचं कशाला, मी नवं करून देते" म्हणाली, तेव्हा तर त्याला हसूच आलं. बेळगुंदीच्या शेतकऱ्याची लेक, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत नुकतंच स्वतःचं वर्कशॉप काढलेलं. ही काय करणार, डोंबल?

"मामा, कपाट ठणठणीत आहे," ती रायाप्पाला म्हणाली. "आतल्या तांब्याच्या पट्ट्या असल्या जाड आता बघायला मिळत न्हाईत. थकलाय तो फक्त ब्रेकर. काही गडबड झाली की वीज तोडणारा तो तेलातला स्विच. तेवढा काढायचा आणि त्याच जागी नवा बसवायचा. जुन्यातलं तेल शुद्ध होऊन परत वापरात जातं, तांबं-लोखंड वितळून परत कारखान्यात जातं. चांगल्या वस्तूला उकिरडा कशाला दाखवायचा?"

कुमारअण्णांनी मान डोलवली, पण अटही घातली. चाचणीत नापास झालं तर दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याची गाडी दारात. रचना हसून 'व्हय' म्हणाली खरी, पण वर्कशॉपचं हे पहिलंच मोठं काम होतं. इथं तोंडघशी पडली असती, तर चिकोडीपासून बेळगावपर्यंत कुणी तिला जुन्या पॅनेलला हात लावू दिला नसता.

आणि काय काम केलं पोरीनं! नवा ब्रेकर जुन्या रुळांवरनं आत सरकायला हवा, म्हणून तिनं त्याच्याखालची चाकांची गाडी स्वतः बनवून आणली. जरा घासली, तर परत नेली आणि पुन्हा आणली. कपाटाला एक नवं भोक पाडलं न्हाय. रायाप्पा दाराआडनं बघत होता, मग हळूहळू टॉर्च धरायला लागला, आणि शेवटी कांताला सांगून डबा दोघांचा आणायला लागला. हिला येतंय, हे त्यानं मनातल्या मनात कधीच कबूल केलं होतं.

चाचणीच्या दिवशी सगळी जमली. वीज बंदच होती. रचनानं मेगर जोडला. आतून वीज कुठं झिरपत न्हाय ना, ते हे यंत्र सांगतं. काटा वर जायला हवा होता. तो जागचा हलेना.

"झालं! मी सांगतच होतो," कुमारअण्णा म्हणाले, पण आवाजात काही दम नव्हता.

टॉर्च घेऊन रचना मागच्या दारानं आत वाकली. तांब्याच्या पट्ट्या पेलणाऱ्या आधारांवरनं तिनं बोट फिरवलं आणि वास घेतला. मग कोपऱ्यातनं नारळाच्या शेंड्या उचलून वर धरल्या.

आपल्या भागात नारळ फोडल्याबिगर नवी मोटार सुरू होत न्हाय, तर पॅनेल कुठलं? पण नारळ फोडतात उंबऱ्यावर. इथं कुणीतरी कपाटाच्या आत फोडला होता आणि पाणी सगळीकडं उडालं होतं. गिरणीत पूजेचा मान रायाप्पाचा. साऱ्या माना त्याच्याकडं वळल्या.

"आईशप्पत, मी न्हाय!" तो ओरडला.

"कुणी का फोडेना, मामा. चूक माझी," रचना ठामपणे म्हणाली. "जन्म बेळगुंदीत गेला माझा. चाचणीच्या आदल्या दिवशी दाराला कुलूप घालावं, एवढं मला कळायला नको?"

तिनं दुसऱ्याकडं बोट दाखवलं न्हाय. बाह्या सारल्या आणि एकेक आधार स्पिरिटनं पुसला. मग गरम हवेच्या ब्लोअरनं सगळं वाळवलं, आणि कुणी घाई केली तरी हात उरकता घेतला न्हाय. रायाप्पाला वाटलं, लेक असावी तर अशी.

पुन्हा मेगर लागला. काटा सरसर चढला, थेट वर.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात कुमारअण्णा खाली मान घालून म्हणाले, "नारळ मी फोडलो."

टाळ्या थांबल्या.

"पहाटे आलतो. तोंडानं भंगार म्हणायलो, पण हे कपाट जाऊ नये असं मलाच लई वाटायचं. बाहेर फोडला तर देवाला आतलं कसं दिसणार, म्हणून आत फोडलो."

रायाप्पा असा हसला की सगळी गिरणी हसायला लागली.

रचनानं हँडल त्याच्यापुढं केलं. "मामा, तुम्ही करा चालू."

"न्हाय पोरी," त्यानं हँडल परत तिच्याकडं सरकवलं. "हे जिवंत केलीस तू. तुझाच मान."

तिनं हँडल फिरवलं. खट्कन ब्रेकर बसला आणि पलीकडच्या शेडातली सूत कातणाऱ्या चात्यांची घरघर सुरू झाली. कुमारअण्णांनी डोळे पुसले आणि खिशातला फोन काढला.

"मॅडम, मागच्या शेडात अजून दोन जुनी पॅनेलं हाईत," ते रचनाला म्हणाले. "भंगारवाल्याला येऊ नको म्हणून सांगतो. ती कवा बघायला येताय?"