बुजगावण्यावरचा संशय

फोन वाजला की पूनमने कापसाची ओटी सावरायची, मोबाईल उंच धरायचा आणि जागच्या जागी हळूहळू फिरायचं. वेचणाऱ्या बाया, लिंबाचं झाड, वावराचे मालक पांडुरंगराव यांचे बैल, सगळं वावर नवऱ्याला दिसलं पाहिजे. देवानंद तेलंगणातच, मंचेरियलला स्टेशनाजवळच्या हॉटेलात कामाला होता. शनिवारी तो गावी यायचा. बाकीचे दिवस बायकोच्या मोबाईलमध्ये राहायचा.

"किती जीव लावते माय," बाया म्हणायच्या. प्रयागबाईचं मत तर असं होतं, की आपण विहिरीत पडलो तरी आपला नवरा जेवायच्या वेळेलाच चौकशी करेल.

वृषालीला हे ऐकून बोंड फेकून मारावंसं वाटे. ती आदिलाबादला डिग्रीला होती आणि कॉलेजला सुट्टी असली की वेचणीला यायची. कॉलेजात एका मॅडमनी सांगितलेलं तिने बायांना सांगून पाहिलं होतं. सारखी झडती घेणं, माहेरी बोलू न देणं, हाही छळच असतो. मदतीसाठी नंबर आहे. बायांनी फार आदराने ऐकलं. मग प्रयागबाईने विचारलं, मारते का तो? पूनमने मान हलवली, नाही. झालं, विषय तिथेच निकालात निघाला. वर पूनमच तिला म्हणाली, तुझं लगन झालं का समजन. वृषालीने सगळा राग बोंडांवर काढला. कापसात पाला फार येतो म्हणून पांडुरंगरावांची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

त्या दिवशी मात्र पूनमचं फिरणं अर्ध्यातच थांबलं.

"तो कोन हाये?" मोबाईलमधून देवानंदाचा आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. धुऱ्याकडच्या, बांधालगतच्या ज्वारीत बुजगावणं उभं होतं. डोक्याला मडकं, अंगात शर्ट-पँट.

"बुजगावणं हाये जी."

"मले येड्यात काढते? हात पसरून उभा हाये तो. शर्ट कोनाचा?"

"पांडुरंगरावाचा."

उत्तर खरं होतं, पण त्याने काम आणखी बिघडलं. रेंज अशी, की चित्र तुकड्यातुकड्यांनी जायचं आणि देवानंद ते तुकडे आपल्या मनाने जोडायचा. पूनम ज्वारीत शिरली. तिने बुजगावण्याचा हात हलवून दाखवला. मडकं काढून दाखवलं. बिनमुंडक्याच्या माणसावरही देवानंदाचा भरवसा बसेना. शेवटी त्याच्या हुकमाने तिने पँट खाली ओढली, तेव्हा तणस भुरभुर उडालं.

"ठीक हाये," देवानंद म्हणाला. "शनिवारी पाह्यतो तुले."

फोन बंद झाला आणि बाया हसून हसून कापसाच्या ओळींमधल्या तासातच बसल्या. हसली नाही ती फक्त पूनम. मडकं छातीशी धरून ती उभी होती.

प्रयागबाईचं हसू सगळ्यात आधी ओसरलं. "पूनम, तुले हसू नाही आलं वं?"

"शनिवारी याच्यापाई हात पिरगाळतीन, काकी."

वेचणीला सगळ्याच बाया लुगड्यावर नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट घालतात, नाहीतर पऱ्हाटीने हात ओरबाडून निघतात. त्यामुळे वेचणी लागल्यापासून वावरात कोणी कोणाचे हात पाहिलेच नव्हते. प्रयागबाईने पूनमच्या बाहीचं बटण सोडलं आणि बाही वर सारली. बोटांचे वळ होते. काही हिरवे पडलेले, काही ताजे.

मागच्या एका बाईने उगाचच आपली बाही मनगटापर्यंत ओढून घेतली.

"याले आपन जीव लावनं म्हनत होतो," प्रयागबाई म्हणाली.

वृषालीला बरं वाटायला हवं होतं. उलट तिचं डोकं जास्तच तापलं. इतके दिवस तोंड दुखेपर्यंत सांगितलं ते हवेत गेलं, आणि एक बाही वर गेली की सगळ्यांना उजाडलं.

"वृषाली," पूनम खालच्या आवाजात म्हणाली, "तो नंबर कोनता म्हनत होती तू?"

वृषालीने आपल्या फोनवरून एकशे एक्याऐंशी लावला. पलीकडची बाई तेलुगूत बोलली. वृषाली शाळेतल्या तेलुगूत सांगू लागली आणि शब्द अडला की अख्खी टोळी हातवारे करून मदत करू लागली, जणू बाईला ते दिसतच होतं. तरी बाईला समजलं. आदिलाबादच्या सखी केंद्रात या, राहायची सोय होते, पुढे पोलिसात जायचं का ते पूनमनेच ठरवायचं, असं ती म्हणाली.

"पन हे पुन्हा फोन करतीन," पूनम म्हणाली. "नाही उचलला तं सासूले वावरात धाडतीन."

प्रयागबाईने तिचा फोन घेऊन वृषालीच्या हातात ठेवला. पूनमचा शर्ट आणि डोक्याचा रुमाल उतरवला, मडकं परत बसवून बुजगावण्याला चढवला आणि ते कापसाच्या तासात पाठमोरं रोवलं. मग पोरीसोबत मोठं माणूस पाहिजे म्हणत ती पूनमला घेऊन ऑटोच्या रस्त्याला लागली.

थोड्या वेळाने फोन वाजला. वृषाली वावर दाखवत हळूहळू फिरली आणि बुजगावण्यापाशी थांबली.

"ते पाहा, दादा. वेचून राह्यल्या. तुमच्यावर रुसल्या, बोलत नाहीत."

देवानंदाने पाहून घेतलं आणि रागवायला सुरुवात केली. हसायचं नाही, वर पाहायचं नाही, कोणाशी बोलायचं नाही, पुष्कळ वेळ चाललं. बुजगावण्याने सगळं खालमानेने ऐकून घेतलं. बायांनी पदराचे बोळे तोंडात कोंबले होते. शेवटी त्याचा आवाज मऊ झाला.

"आता कशी शहानी झाली. अशीच राहत जा."

"राह्यतीन ना, दादा," वृषाली म्हणाली. "इनले कुठं जायाचं हाये."